प्लगपासून स्कोअरबोर्डपर्यंत : सीटीएफ स्पर्धेची आखणी

कॅप्चर द फ्लॅग, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले सीटीएफ, हा संगणक-सुरक्षेचा सांघिक खेळ आहे. मुद्दाम कच्ची ठेवलेली वेबसाइट, सांकेतिक भाषेतली चिठ्ठी, नेटवर्कवरून गेलेल्या माहितीची नोंद किंवा आत काय चालते ते न सांगता दिलेला एखादा प्रोग्राम स्पर्धकांपुढे ठेवतात. त्यात कुठेतरी अक्षरांची एक छोटी ओळ दडवलेली असते, तिला फ्लॅग म्हणतात. ती शोधून स्पर्धेच्या पानावर भरली की गुण मिळतात. लास व्हेगसच्या डेफकॉन परिषदेत हा खेळ १९९६ पासून खेळला जातो. भारतात अमृता विद्यापीठाची इनसीटीएफ, गोव्यात सुरू झालेल्या नलकॉन परिषदेची हॅकिम आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या सीसॉ स्पर्धेची आयआयटी कानपूरमधली फेरी ही विद्यार्थ्यांच्या परिचयाची नावे आहेत. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांतही आता सीटीएफचा एक दिवस राखलेला दिसतो.

अशी स्पर्धा फसते तेव्हा चॅलेंजेस, म्हणजे स्पर्धकांपुढे ठेवलेली ही कोडी, फार अवघड होती, असे कारण क्वचितच असते. दहा वाजता सगळ्यांनी एकदम लॉगिन केले आणि सर्व्हरने सगळ्यांनाच हल्लेखोर समजून बाहेर ठेवले, दुपारी बारा वाजता एमसीबी पडली, कॉलेजच्या फायरवॉलने अर्धी चॅलेंजेस उघडूच दिली नाहीत, अशी कारणे असतात. शिवाय इथे येणारा प्रत्येक जण काहीतरी तोडण्याच्या तयारीने आलेला असतो आणि त्याला त्यासाठीच बोलावलेले असते. म्हणून मांडवापासून पासवर्डपर्यंत प्रत्येक गोष्ट कोणीतरी ताणून पाहणार, हे धरूनच आखणी करावी लागते. पुढील विवेचनात एक दिवसाची, शंभर स्पर्धकांची, म्हणजे चौघांच्या २५ संघांची, महाविद्यालयात भरणारी स्पर्धा डोळ्यांपुढे ठेवली आहे. संख्या वाढली तर आकडे त्या प्रमाणात वाढवावेत.

सर्वांत आधी खेळाचा प्रकार ठरवावा, कारण खुर्च्यांपासून खर्चापर्यंत सगळे त्यावर अवलंबून आहे. पहिल्यांदा भरवणाऱ्यांसाठी जेपर्डी हा प्रकार योग्य. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजूषेवरून हे नाव आले. वेब, क्रिप्टो, फॉरेन्सिक्स, रिव्हर्सिंग असे विषयांचे रकाने असतात, प्रत्येकात सोप्यापासून अवघडापर्यंत चॅलेंजेस असतात आणि संघाने हवे ते उचलायचे. दुसरा प्रकार अटॅक-डिफेन्स. यात प्रत्येक संघाला एकसारखा सर्व्हर मिळतो. आपल्या सर्व्हरमधली भोके बुजवायची आणि त्याच भोकांतून दुसऱ्यांच्या सर्व्हरमध्ये शिरायचे. दर काही मिनिटांनी नवे फ्लॅग पेरले जातात आणि प्रत्येकाची सेवा नीट चालू आहे का, हेही तपासले जाते. खेळायला हा प्रकार रंगतदार, पण चालवणाऱ्याच्या नाकी नऊ आणणारा: २५ संघांचे २५ सर्व्हर, त्यांना जोडणारे स्वतंत्र नेटवर्क आणि अखंड चालणारी तपासणी, यांतले एक जरी अडखळले तरी अख्खा खेळ थांबतो. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये.

तिसऱ्या प्रकारात लॅपटॉपच लागत नाही. पतसंस्था, नागरी सहकारी बँका, रुग्णालये, नगरपालिका इथल्या कर्मचाऱ्यांना जेपर्डीत बसवले तर दहा मिनिटांत ते कंटाळतात. त्यांच्यासाठी टेबलावरचा खेळ अधिक उपयोगी पडतो. ब्लॅक हिल्स इन्फर्मेशन सिक्युरिटी या अमेरिकन कंपनीचा 'बॅकडोअर्स अँड ब्रीचेस' हा पत्त्यांचा खेळ यासाठी चांगला आहे. सूत्रधार हल्ल्याचे चार पत्ते गुपचूप निवडतो: शिरकाव कुठून झाला, आत हातपाय कसे पसरले, ठाण कसे मांडले आणि माहिती बाहेर कशी गेली. बाकीच्यांनी दहा फेऱ्यांत वीस बाजूंचा फासा टाकत ते उलगडायचे. पत्त्यांऐवजी घडलेली घटना घेऊनही बैठक रंगते. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ तारखेच्या शनिवारी अनेक देशांतल्या एटीएममधून आणि १३ तारखेच्या सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेमार्गे पैसे निघाले. त्या शनिवारी संध्याकाळी पहिला फोन कोणी कोणाला करायचा, या एका प्रश्नावर टेबलाभोवतीचे सहा जण सहा उत्तरे देतात, आणि बैठकीचे खरे काम तिथून सुरू होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावी लागते. ते घड्याळ भिंतीवर लावून ठेवले की डावाला वेग येतो. या खेळाची सामग्री अगदी थोडी: सहा जणांमागे एक टेबल, शेजारच्या टेबलाचा आवाज येणार नाही इतके अंतर, दोन तासांचा वेळ आणि छापलेली दूरध्वनी यादी.

जेपर्डीकडे परत येताना पहिला प्रश्न तारखेचा. विद्यापीठाच्या परीक्षा, गणपती, दिवाळी आणि लग्नसराई वगळून उरलेल्या शनिवार-रविवारांत निवड करायची असते. मुंबई-ठाण्यात रविवार घेतला तर मेगाब्लॉक गृहीत धरून हजेरीची वेळ तासभर मागे न्यावी. कोकणात जुलै टाळलेला बरा, कारण पावसात वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाची. जगभरच्या सीटीएफ स्पर्धांची वेळापत्रके सीटीएफटाइम या संकेतस्थळावर लागतात. त्याच दिवशी मोठी ऑनलाइन स्पर्धा असेल तर चांगले संघ तिकडे जातील. तयारीला दोन महिने धरावेत. त्यांतले पाच-सहा आठवडे चॅलेंजेस बनवण्यात जातात.

रात्रभर चालणाऱ्या स्पर्धेचे आकर्षण विद्यार्थ्यांना फार असते. ऑनलाइन स्पर्धा २४ किंवा ४८ तास चालतात, मग आपलीही का नको, असा युक्तिवाद होतो. पण रात्रीची स्पर्धा म्हटली की प्राचार्यांची वेगळी परवानगी, सुरक्षारक्षक, रेक्टरची सही, पालकांची संमतीपत्रे हे सगळे येते. वसतिगृहाच्या दाराच्या वेळेमुळे अनेक मुलींना नाव नोंदवता येत नाही, आणि गावाहून बसने येणारे विद्यार्थीही गळतात. सकाळी दहा ते संध्याकाळी चार, अशा सहा तासांत नवशिक्या संघांचा दम पुरतो आणि पाचनंतर उत्तरांवर चर्चाही करता येते. रात्रीचा हट्ट पहिली दोन वर्षे तरी बाजूला ठेवावा.

परवानगीचे पत्र केवळ हॉलपुरते घेऊ नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे दुसऱ्याच्या संगणकात मालकाच्या परवानगीविना, अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने शिरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्पर्धेतले सर्व्हर आयोजकांचेच असल्याने खेळ कायदेशीर ठरतो, पण तो नेमका कोणत्या यंत्रांपुरता, हे कागदावर असायला हवे. म्हणून पत्रात स्पर्धेच्या सर्व्हरचे पत्ते, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ आणि जबाबदार प्राध्यापकांचे नाव स्पष्ट लिहून प्राचार्य आणि नेटवर्क सांभाळणारा विभाग, दोघांच्या सह्या घ्याव्यात. सर्व्हर भाड्याच्या क्लाउडवर असतील तर त्या कंपनीच्या वापराच्या अटीही वाचाव्यात. सुरक्षा-चाचणीबाबत प्रत्येकीचे नियम वेगळे असतात. नोंदणी अर्जात नाव, महाविद्यालय, ईमेल आणि खाण्याची पसंती एवढेच विचारावे. आधार क्रमांक, जन्मतारीख यांची या खेळाला काहीही गरज नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण सुरक्षेच्या स्पर्धेतूनच नोंदणीची यादी फुटली तर होणारी शोभा कायद्यापेक्षा अधिक झोंबते.

जागा निवडताना आसनसंख्येआधी भिंतीवरचे सॉकेट मोजावेत. वर्गात ते बहुधा दोन किंवा चार असतात. साधा लॅपटॉप चार्जर ६५ वॉटचा, गेमिंग लॅपटॉपचा १८० वॉटच्या आसपास. चौघांत असे दोन धरले तर संघामागे जवळपास ५०० वॉट लागतात. सहा अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॉट घेता येतात. म्हणजे एका सॉकेटवर दोन संघ बसतील, तिसरा बसणार नाही. २५ संघांना तेरा सॉकेट आणि एकूण साडेबारा किलोवॉट. हा सगळा भार एकाच फेजवर आला तर ५४ अँपिअर होतात, आणि एसीचा भार याशिवाय. इथे महाविद्यालयाच्या इलेक्ट्रिशियनला चहा पाजून सोबत घ्यावे, कारण कोणती रांग कोणत्या फेजवर आहे हे इमारतीत फक्त त्यालाच ठाऊक असते. भार तिन्ही फेजवर विभागून घ्यावा. बोर्डाला बोर्ड जोडून साखळी करण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. इथे तिला सक्त मनाई असावी. मंडपवाल्याकडून लाइन ओढून घ्यायची असेल तर ती मुख्य बोर्डावरून, स्वतंत्र एमसीबीसह घ्यावी, आणि चालण्याच्या वाटेवरच्या सर्व वायरी जमिनीला टेपने चिकटवाव्यात. वीज गेली तर जनरेटर सुरू व्हायला काही क्षण लागतात. लॅपटॉप बॅटरीवर तगतात, राउटर आणि स्विच मात्र बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-चार मिनिटे घेतात. एवढ्यांपुरता एक छोटा यूपीएस ठेवला तर स्पर्धकांना वीज गेल्याचा पत्ताही लागत नाही. चाचणी मात्र खरी करावी: आदल्या दिवशी मुख्य स्विच पाडून बघावा.

विजेखालोखाल नेटवर्क. शंभर माणसे म्हणजे शंभर लॅपटॉप, शंभर फोन, आणि अनेकांच्या लॅपटॉपमध्ये काली लिनक्स या सुरक्षा-चाचणीच्या प्रणालीचा आभासी संगणक. तो कधी कधी नेटवर्ककडे स्वतःचा वेगळा पत्ता मागतो. तीनशे पत्ते लागू शकतात, आणि नेहमीच्या मांडणीत २५४ च असतात. मग साडेदहा वाजता आलेल्या संघाला वायफाय दिसते, जोडलेही जाते, पण काहीच उघडत नाही, आणि स्वयंसेवक अर्धा तास लॅपटॉप चालू-बंद करत बसतात. पत्त्यांची श्रेणी दुप्पट करून ५१० वर न्यावी, हा दोन मिनिटांचा उपाय आदल्या दिवशी करण्याचा आहे. एका अॅक्सेस पॉइंटवर चाळिसाहून अधिक उपकरणे लादू नयेत, म्हणजे हॉलमध्ये पाच-सहा हवेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. म्हणून भर ५ गिगाहर्ट्झवर द्यावा. जमेल तिथे संघामागे एक लॅन वायर दिली तर निम्मी डोकेदुखी मिटते. संगणक प्रयोगशाळेत स्पर्धा घेण्याचा खरा फायदा हाच: वायर, सॉकेट आणि खुर्ची एका ठिकाणी आयती मिळते.

महाविद्यालयांचे फायरवॉल बहुधा वेब पानांचेच दरवाजे, म्हणजे ८० आणि ४४३ हे पोर्ट, उघडे ठेवतात. सीटीएफमधली अनेक चॅलेंजेस मात्र भलत्याच क्रमांकाच्या पोर्टवर चालतात. शिवाय नावात हॅक असलेली संकेतस्थळे काही ठिकाणी सरसकट अडवलेली असतात, त्यात अभ्यासाची पानेही जातात. आयोजक तपासणी स्वतःच्या टेबलावरून, शिक्षकांच्या वायफायवरून करतात आणि सगळे ठीक चालते. स्पर्धकांचे वायफाय वेगळे असते. म्हणून प्रत्येक चॅलेंज स्पर्धकाच्या खुर्चीत बसून, स्पर्धकाला मिळणाऱ्या नेटवर्कवरून, विद्यार्थ्याच्या साध्या लॅपटॉपवर उघडून पाहावे.

याहून फसवी अडचण एकाच पत्त्याची. हॉलमधले शंभर जण बाहेरच्या सर्व्हरला एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यावरून आलेले दिसतात. स्पर्धेचे सॉफ्टवेअर आणि त्याच्यापुढे बसवलेली संरक्षक सेवा यांना मात्र एका पत्त्यावरून काही सेकंदांत पासवर्डांचा पाऊस पडला तर तो हल्ला वाटतो. दहाच्या ठोक्याला सगळे लॉगिन करतात आणि सगळेच अडतात. यावर तीन गोष्टी कराव्यात: हॉलचा पत्ता संरक्षक सेवेच्या विश्वासू यादीत टाकावा, सॉफ्टवेअरमधली मर्यादा वाढवावी, आणि खाती आधीच उघडून साडेनऊपर्यंत सर्वांचे लॉगिन उरकून घ्यावे. ऑनलाइन स्पर्धा भरवण्याचा अनुभव असलेले लोकही इथे चकतात, कारण तिकडे हा प्रश्न येतच नाही.

डाउनलोडचे गणितही आधी मांडावे. कालीची चार जीबीची फाइल शंभर जणांनी त्याच सकाळी उतरवायची ठरवली तर ४०० जीबी होतात. १०० एमबीपीएसच्या लाइनवर, दुसरे काहीच चालू नसताना, त्याला सुमारे नऊ तास लागतील. तितका वेळ स्पर्धाही चालत नाही. आठवडाभर आधी ईमेलने साधनांची यादी पाठवावी. मोठ्या फाइल हॉलमधल्याच एका संगणकावर ठेवाव्यात आणि सोबत त्यांचे हॅश, म्हणजे फाइल मूळचीच आहे हे पडताळण्याचे ठसे, लिहून लावावे. पेन ड्राइव्ह फिरवू नये. ज्या स्पर्धेत संशयास्पद पेन ड्राइव्हवर एखादे चॅलेंज असू शकते, तिथे तो कोणी लावणारही नाही.

स्पर्धा चालवण्यासाठी स्वतःचे सॉफ्टवेअर लिहिण्याचा मोह टाळावा. सीटीएफडी हे मुक्त सॉफ्टवेअर नोंदणी, गुण, स्कोअरबोर्ड, सूचना सगळे सांभाळते, आणि २५ संघांसाठी दोन कोअर व चार जीबी मेमरीचा साधा सर्व्हर पुरतो. चॅलेंजेस मात्र त्याच यंत्रावर ठेवू नयेत. एखादे चॅलेंज अपेक्षेपेक्षा जास्त तुटले तर स्कोअरबोर्ड शाबूत राहिला पाहिजे. प्रत्येक चॅलेंज स्वतंत्र कंटेनरमध्ये, म्हणजे बाकीच्यांपासून वेगळ्या कप्प्यात, ठेवून त्याच्या मेमरीला आणि प्रक्रियांच्या संख्येला लगाम घालावा, फ्लॅगची फाइल केवळ वाचता येईल अशी ठेवावी, आणि आतून बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारी वाट पूर्ण बंद करावी. ती उघडी राहिली तर कोणीतरी आयोजकांच्या सर्व्हरवर बसून तिसऱ्याच कोणावर हल्ला करील आणि तक्रारीचे पत्र महाविद्यालयाच्या नावे येईल. क्लाउड घ्यायचा तर अॅमेझॉनचे डेटा सेंटर मुंबईत आणि मायक्रोसॉफ्टचे पुण्यात आहे. अंतराचा प्रश्न नाही. हॉलमध्ये सगळ्याची एक प्रत स्थानिक संगणकावर तयार ठेवली तर इंटरनेट गेले तरी खेळ थांबत नाही. गुणांची नोंद दर अर्ध्या तासाने उतरवून घ्यावी.

चॅलेंजेस किती, कशी, हा खरे तर स्वतंत्र लेखाचा विषय. व्यवस्थेच्या अंगाने एवढे सांगता येईल की सहा तासांना वीस पुरतात: आठ सोपी, आठ मध्यम, चार अशी की बहुतेकांना सुटणार नाहीत. नियमांच्या पानावरच एक फ्लॅग ठेवून द्यावा, म्हणजे प्रत्येक संघाचे खाते उघडते आणि नियम निदान एकदा डोळ्यांखालून जातात. प्रत्येक चॅलेंज बनवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी, उत्तर न बघता, सोडवून पाहिलेले असावे. बनवणाऱ्याला स्वतःचे चॅलेंज नेहमी सोपे वाटते आणि त्यातली चूक दिसत नाही. न तपासलेले चॅलेंज कितीही सुंदर असले तरी काढून टाकावे. तारखेच्या आठवडाभर आधी सगळे गोठवून त्यापुढे फक्त दुरुस्त्या कराव्यात. उत्तर आपोआप शोधणारी एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येकासोबत लिहून घ्यावी आणि स्पर्धेच्या दिवशी ती दर पाच मिनिटांनी चालवावी. ती अडली तर चॅलेंज बंद पडल्याचे स्पर्धकांच्या आधी आयोजकांना कळते. हे सगळे ज्या गिटहब रेपॉझिटरीत ठेवले जाते ती खासगी आहे ना, हे दोघांनी तपासावे.

मराठी मुलखात मराठी चॅलेंजेस का नसावीत? मोडी लिपीतली एक चिठ्ठी चित्ररूपात दिली तर सांकेतिक लिपीच्या रकान्यात तिच्याइतके शोभून दिसणारे दुसरे काही नाही. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ पासून जागा आहे, पण फॉन्ट सर्वांकडे नसतो, म्हणून चित्रच द्यावे. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे होते, त्यावरही छान कोडी रचता येतात. फ्लॅग मात्र रोमन अक्षरांतच असावा. देवनागरीत डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द आतून वेगळे असू शकतात. जोडाक्षरात एक अदृश्य चिन्ह कमी-जास्त झाले की बरोबर उत्तर चूक ठरते आणि भांडण जुंपते. उघड स्रोतांतून माहिती शोधण्याच्या चॅलेंजमध्ये खरी व्यक्ती कधीही घेऊ नये. फोटोवरून किल्ल्याचा बुरूज ओळखा, हे ठीक. एखाद्या दुकानाचे नाव शोधा म्हटले तर दुपारपर्यंत त्या दुकानदाराला वीस फोन गेलेले असतात.

गुण ठरवताना प्रत्येक चॅलेंज ५०० पासून सुरू करून जितके संघ सोडवतील तितके त्याचे मोल १०० पर्यंत उतरत जाईल, ही पद्धत बरी. कोणते अवघड हे आयोजकांच्या अंदाजाऐवजी स्पर्धकच ठरवतात. नियम एका पानात मावावेत: स्कोअरबोर्डवर आणि महाविद्यालयाच्या इतर यंत्रणांवर हल्ला नाही, सर्व्हर बंद पाडण्याचे प्रयत्न नाहीत, फ्लॅगची देवाणघेवाण नाही, दुसऱ्या संघाच्या लॅपटॉपला हात नाही. चॅटजीपीटीसारखी साधने चालतील की नाही, हेही आता लिहावे लागते. बंदी घालून ती पाळली जाते का हे तपासणे शंभर जणांच्या हॉलमध्ये अशक्यप्राय असल्याने, परवानगी देऊन सोप्या चॅलेंजेसची रचना बदललेली अधिक शहाणपणाची. फसवणुकीचा नेहमीचा प्रकार साधा असतो: व्हॉट्सअॅपवरून फ्लॅग मित्राकडे जातो. शक्य तिथे प्रत्येक संघासाठी वेगळा फ्लॅग तयार करावा, आणि पहिल्या पाच संघांना बक्षिसाआधी दोन-तीन चॅलेंजेस समोर बसून समजावून सांगायला लावावीत. यजमान महाविद्यालयाच्या संघांनी खेळावे, पण बक्षिसाबाहेर. चॅलेंज बनवणारा आणि खेळणारा एकाच खोलीत राहतात, तेव्हा कोणी काही केले नसले तरी संशय राहतोच. रोख बक्षीस द्यायचे तर करकपातीबद्दल लेखा विभागाला आधी विचारावे. रक्कम माफक ठेवली तर वादही माफक होतात.

प्रत्यक्ष दिवशी आठ माणसे लागतात: दोन नोंदणी आणि खाण्याकडे, एक नेटवर्ककडे, एक सर्व्हरकडे, दोन हॉलमध्ये फिरती, एक शंकांची उत्तरे देणारा आणि एक असा की ज्याच्याकडे कोणतेच काम नाही. हा शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, कारण अकस्मात उद्भवेल ते त्यानेच पाहायचे. शंका एकाच ठिकाणी, डिस्कॉर्डवर किंवा एका टेबलावर घ्याव्यात, आणि एका संघाला दिलेला खुलासा सर्वांना जाहीर करावा. कोपऱ्यात कानात सांगितलेला इशारा स्पर्धा बिघडवतो. मोठ्या पडद्यावर स्कोअरबोर्ड दाखवणारा लॅपटॉप वेगळा असावा आणि त्यावर प्रशासकाचे खाते उघडलेले नसावे. पडद्यावर चुकून उत्तरांची फाइल उघडली की मागच्या रांगेतल्यांनी फोटो काढलेला असतो. प्रशासकाचा पासवर्ड लांब असावा, हे इथे जमलेल्या मंडळींपुढे वेगळे सांगायला नको. सगळ्यात आधी ते तोच फोडून बघतात.

स्पर्धक जेवायला उठत नाहीत. दीड वाजता मेसमध्ये जायला सांगितले तर निम्मे बसून राहतात आणि चार वाजता उपाशीपोटी चिडलेले असतात. खाणे जागेवर द्यावे, आणि हात फार तेलकट न करणारे: पोहे, इडली, सँडविच. वडापाव सर्वांना आवडतो आणि प्रत्येक कीबोर्डवर त्याची खूण राहते. उपवास, जैन जेवण यांची विचारणा नोंदणीतच झालेली असते. चहा दोनदा, पाणी सतत, आणि पाण्याची बाटली बोर्डापासून दूर ठेवण्याची सूचना माइकवरून दर दोन तासांनी.

शेवटच्या तासात स्कोअरबोर्ड गोठवावा. संघ फ्लॅग भरत राहतात, पण क्रमांक दिसत नाहीत, त्यामुळे निकालापर्यंत उत्सुकता टिकते आणि वरचे संघ एकमेकांकडे पाहून खेळत नाहीत. वेळ सर्व्हरच्या घड्याळाने संपवावी. भिंतीवरचे घड्याळ आणि सर्व्हर यांत दोन मिनिटांचा फरक असेल तर त्या दोन मिनिटांतच निर्णायक फ्लॅग भरला जातो. म्हणून सर्व यंत्रांची घड्याळे सकाळीच एनटीपी या नेटवर्कवरच्या वेळ-सेवेशी जुळवून घ्यावीत. एखादे चॅलेंज सदोष निघाले तर त्याचे गुण सर्वांसाठी रद्द करायचे की ठेवायचे, हे नियमांत आधीच लिहिलेले असावे. ऐनवेळी मतदान घेऊ नये.

निकालाआधी तासभर उत्तरांची चर्चा ठेवावी. ज्यांना चॅलेंज सुटले नाही त्यांच्या पदरात खरे तेव्हा पडते, आणि सोडवणाऱ्या संघाने फळ्यापाशी येऊन सांगितले तर बनवणाऱ्यालाही न सुचलेली वाट कधी कधी कळते. चॅलेंजेस आठवडाभर चालू ठेवावीत, म्हणजे घरी जाऊन पुन्हा प्रयत्न करता येतो. त्यानंतर उत्तरे आणि चॅलेंजेसच्या फाइल जाहीर कराव्यात. क्लाउडवरचे सर्व्हर बंद करण्याची तारीख आणि माणूस आधीच नेमावा. विसरलेले सर्व्हर महिनाअखेरीस बिल घेऊन येतात आणि तोवर आयोजक विद्यार्थी परीक्षेत असतात. प्रमाणपत्रे पाठवून झाली की नोंदणीची यादी पुसावी, फायरवॉलमध्ये उघडलेले पोर्ट पुन्हा बंद करवून घ्यावेत, विश्वासू यादीतून हॉलचा पत्ता काढावा, आणि प्रयोगशाळेतून आणलेले बोर्ड मोजून परत करावेत.